बाबांची सीट

आमच्या गाडीत ड्रायव्हरची सीट बाबांची आहे. गाडी गेली काही वर्षं बहुतेक मीच चालवते. हप्ते मी फेडले, पीयूसी संपल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर येतो, टोलचे पैसे माझ्या खात्यातून कापले जातात. तरी सीट बाबांची. त्यांची उंची पाच फूट दहा इंच, माझी पाच फूट. निवृत्त झाल्यापासून ते आठवड्यातून एकदा गाडी काढतात, मंडईत जातात, भाजी घेऊन परत येतात. त्या एका फेरीसाठी उरलेले सहा दिवस सीट त्यांच्या मापाची राहायची.

"हलवू नकोस गं ती. एकदा हलली की परत ती जागा सापडत नाही मला."

मग मी सोफ्यावरची उशी पाठीला घ्यायचे आणि सीटच्या कडेवर बसून, स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखी गाडी चालवायचे. पाठ टेकायचीच नाही. बेल्ट लावलेला असायचा, पण तो मानेला घासायचा म्हणून मी तो खांद्यावरून काढून काखेखालून घ्यायचे. कोथरूड ते खराडी, रोज, असं. सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घ्यायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद मी का काढले नाहीत याचा विचार पहिल्यांदा केला तो एका हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून.

दिवाळीनंतर आम्ही साताऱ्याहून परत येत होतो. पुढे आई, मागे बाबा. खेड शिवापूरचा टोल ओलांडला, कात्रजचा नवा बोगदा मागे पडला आणि नवले पुलाकडे जाणारा तो उतार सुरू झाला. पुण्यात राहणाऱ्यांना या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथेच एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती. मी तिथे नेहमीच जपून चालवते, तेव्हाही चालवत होते. पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले. गाडी बरीचशी थांबली, पूर्ण थांबली नाही.

बॉनेट चेपलं, एक दिवा फुटला. एअरबॅग उघडल्या नाहीत, इतका तो धक्का किरकोळ होता. मला काही झालं नाही. बाबांचा ओठ फुटला, तीन टाके पडले. आईच्या खांद्याचं हाड मोडलं आणि मानेला पट्टा लागला, सहा आठवडे.

आईने बेल्ट लावला होता. नीट, जसा लावायला हवा तसा. म्हणून मला कळेना. एक्स-रे बघणारा डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्याने विचारलं, यांच्या मागे कोण बसलं होतं? मी म्हटलं, बाबा. त्यांनी बेल्ट लावला होता? मी गप्प. तो एक्स-रेकडेच बघत म्हणाला, "यांना पुढून काही लागलेलं नाही. मागून लागलंय."

बाबा शेजारीच उभे होते. ओठावर कापूस धरून.

*

मला हे वाक्य पुढचे कित्येक महिने सोडेना. कारण त्या क्षणापर्यंत मागच्या सीटवरचा बेल्ट हा माझ्या डोक्यात बाबांचा खाजगी प्रश्न होता. आपण सगळे असाच विचार करतो. त्यांचं शरीर, त्यांचं वय, त्यांचा निर्णय. सांगून बघावं, ऐकलं तर ठीक.

या विचाराला पुण्यात मोठी परंपरा आहे. आमच्या शहराने हेल्मेटविरुद्ध जितकी आंदोलनं केली तितकी कदाचित खड्ड्यांविरुद्धही केली नसतील. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली तेव्हा लोक पुणेरी पगड्या घालून रस्त्यावर आले होते. आपण त्याला हसतो, मीम करतो. पण 'हेल्मेटसक्ती' या शब्दात 'हेल्मेट'पेक्षा 'सक्ती'वर जोर आहे, आणि सक्तीवरचं भांडण या शहरात जुनं आहे. १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं होतं, तेव्हा टिळक म्हणत होते की समाजातल्या सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने होऊ नयेत, आणि आगरकर म्हणत होते की जिथे एखाद्या जिवाला इजा होते तिथे कायदा हवाच. मी दोन्ही प्रकरणं एका मापाची आहेत असं अजिबात म्हणत नाही. एकीकडे लहान मुलींचे जीव होते, दुसरीकडे केस विस्कटतात ही तक्रार. पण वादाचा सांगाडा ओळखीचा वाटतो. घरातली गोष्ट कुठे संपते आणि बाहेरच्यांनी बोलायची गोष्ट कुठे सुरू होते?

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिलं. त्यातली मुख्य रेघ सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते: माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याच्यावर जबरदस्ती करायला एकच कारण पुरेसं आहे, ते म्हणजे त्याच्यामुळे दुसऱ्याला होणारी इजा. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरत नाही. याच पुस्तकात एक पुलाचं उदाहरण आहे. एखादा माणूस धोकादायक पुलावर पाऊल ठेवतोय, त्याला पूल कच्चा आहे हे माहीत नाही आणि सांगायला वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नव्हतंच. मात्र धोका माहीत असताना त्याला जायचंच असेल, तर सावध करावं आणि बाजूला व्हावं.

मी ड्रायव्हर म्हणून नेमकं हेच करत होते. "बाबा, बेल्ट." "राहू दे गं." सावध केलं, बाजूला झाले. मिलची चांगली विद्यार्थिनी.

चूक अशी होती की पुलावर बाबा एकटे नव्हते.

*

थोडं गणित करते, कंटाळू नका, आठवीच्या पुस्तकातलंच आहे. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. हा वेग म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडल्यावर जमिनीला टेकताना जो वेग असतो तो. समजा गाडी आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपून ती थांबली. तर आतल्या माणसाला गाडीबरोबर थांबवायला त्याच्या वजनाच्या सोळापट जोर लागतो. ७५ किलोच्या माणसाला बाराशे किलो. आमच्या छोट्या गाडीचं वजनही एवढं नाही.

बेल्ट हा जोर कमरेच्या हाडावर, छातीवर आणि खांद्यावर वाटून देतो, कारण आपल्या शरीरात तो सोसू शकणाऱ्या जागा त्या आहेत. बेल्ट नसेल तर जोर नाहीसा होत नाही. तो दुसरीकडून येतो. मागच्या माणसाला थांबवायचं काम पुढची सीट करते आणि त्या सीटवर माणूस बसलेला असतो. पुढच्या माणसाला त्याच्याच बेल्टने धरून ठेवलेलं, मागून सीट येतेय, मध्ये तो. आमचा वेग ५० नव्हता, बराच कमी होता. म्हणून हाड मोडण्यावर भागलं.

मांडीवरच्या बाळाचंही हेच गणित. दहा किलोचं बाळ त्या क्षणी एकशेसाठ किलोच्या जोराने हातातून निसटतं. 'मी घट्ट धरलंय' या वाक्यात प्रेम पुरेपूर आहे, पण इतका जोर कुठल्याच हातांत नसतो. आणि आई बेल्टच्या आत बाळाला घेऊन बसली असेल तर आईचं वजन बाळावर येतं, ते तर बोलवतही नाही.

म्हणजे मागच्या सीटवर बिनबेल्टचा बसलेला माणूस हा हेल्मेट न घालणाऱ्यासारखा नाही. तो गाडीतला न बांधलेला सिलिंडर आहे. बाबांसाठी हा शब्द वापरताना मला कसंतरी होतं, पण आईचा एक्स-रे आठवला की वापरते.

*

मोठ्या माणसांची उदाहरणं दिली की घरात ऐकतात, असा माझा अनुभव आहे. पण या बाबतीत तीही चालली नाहीत.

३ जून २०१४ ची सकाळ. गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. दिल्लीत घरातून विमानतळाकडे निघाले होते, बीडला सत्काराची सभा होती. ते मागच्या सीटवर होते. चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली. बेल्ट लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन यांनी नंतर सांगितलं. बीडमध्ये, परळीत त्या दिवशी काय झालं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. आमच्या घरीही टीव्ही दिवसभर बंद झाला नव्हता. पण माझ्या आठवणीत त्या दिवशी कोणीही बेल्ट हा शब्द उच्चारला नाही. घातपाताची चर्चा झाली, सीबीआय चौकशीची मागणी झाली. एवढा मोठा माणूस एवढ्या साध्या कारणाने जातो, हे कोणालाच पटेना.

मग ४ सप्टेंबर २०२२. सायरस मिस्त्री अहमदाबादकडून मुंबईला येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघं, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. यानंतर मात्र हलचल झाली. नितीन गडकरींनी मागच्या सीटच्या बेल्टबद्दल घोषणा केली, मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. खरं तर नियम आधीपासून होता. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमात २०१९ पासून एक हजाराचा दंड आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांच्या खास सीटशिवाय बसवलं तर तोच दंड आहे. आपण नियमाला नियम मानायला एक माणूस जावा लागतो, तोही ओळखीचा. त्याच २०२२ सालात, केंद्र सरकारच्या अहवालानुसार, बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक देशात रस्त्यावर गेले. त्यातले ८,३३१ प्रवासी होते, म्हणजे गाडी चालवणारे नव्हते. कोणाचे तरी बाबा, आत्या, मुलं.

आणि आपण काय केलं? आपण क्लिपा विकत घेतल्या. बेल्ट न लावता खटक्यात अडकवायची, म्हणजे गाडीची टुणटुण बंद होते. २०१९ च्या जुलैपासून पुढच्या दोन्ही सीटना ही टुणटुण सक्तीची झाली आणि तिला फसवायची क्लिप ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळू लागली. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या विक्री संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावल्या, तेव्हा तेरा हजारांवर जाहिराती उतरल्या. काही क्लिपा बाटली उघडायचं ओपनर म्हणून विकल्या जात होत्या. एखाद्या कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने 'जरा जास्त होतंय' म्हणून काढलं असतं.

*

आता माझ्यावर येते.

गाडी नवी होती तेव्हा मी नाना पेठेत सीट कव्हर बसवून घेतली. बसवणाऱ्या पोराने मागच्या बेल्टचे खटके कव्हरच्या आत सरकवले. फिटिंग साफ दिसतं, ताई, वर राहिले की टोचतात. मी पाहिलं. मला खरंच साफ दिसलं. मी पैसे दिले आणि आले.

म्हणजे बाबा "राहू दे गं" म्हणाले तेव्हा त्यांना लावायचा असता तरी बेल्ट लागला नसता. ही गोष्ट अपघातानंतर आठ दिवसांनी, गॅरेजमध्ये गाडी बघताना मला आठवली. घरी मी ती लगेच सांगितली नाही. आई पट्टा लावून बसलेली, बाबा तिच्यासमोर अपराध्यासारखे चहा घेऊन उभे. त्यांचा अपराध अर्धा माझा होता आणि मी दोन आठवडे तो त्यांच्या एकट्याच्या नावावर राहू दिला. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मग तू सारखी लावा लावा म्हणत होतीस ते कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सांगत होते, कारण सांगितलं की माझं काम संपत होतं. त्यांनी ऐकावं अशी माझी अपेक्षाच नव्हती. आपण घरातल्या मोठ्यांना कितीतरी गोष्टी अशाच सांगतो. गोळ्या घ्या, पासवर्ड कोणाला देऊ नका, जिन्यावर दिवा लावा. उद्या काही झालं तर 'मी सांगितलं होतं' म्हणता यावं, इतक्यापुरतं.

पण खटके वर असते तरी मी आग्रह धरला असता का? मला वाटतं नसता. आपल्याकडे बेल्टचा आग्रह हा अपमान असतो, दोन्ही दिशांनी. ज्याच्या गाडीत बसलो तिथे मागे बेल्ट शोधू लागलो की गाडीवाला म्हणतो, "का हो, माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही?" आणि आपल्या गाडीत मोठ्यांना लावायला सांगितलं की ते म्हणतात, "तू नीट चालव म्हणजे झालं." दोन्ही वाक्यांत एकच समजूत आहे, की अपघात हा चालवणाऱ्याच्या गुणावर ठरतो. नवले पुलावरच्या त्या चाळीस गाड्यांतले कितीतरी चालक उत्तम असतील. विश्वास आपण माणसाच्या मनावर ठेवतो, आणि तो ठेवावाच. मागून येणाऱ्या ट्रकच्या ब्रेकवर तो कसा ठेवणार?

यात आणखी एक अडथळा आहे, तो शब्दांचा. निघताना अशुभ बोलू नये. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आई हातावर दही देते. बंपरला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर गणपती. अशा घरात, गाडी गेटातून बाहेर पडायच्या आत, 'अपघात झाला तर' अशी सुरुवात करणारं वाक्य म्हणायचं कसं? मला 'येतो' हा शब्द फार आवडतो. त्याची थट्टा मला करायची नाही. दही देणारी आई परत येण्याची तजवीजच करत असते, तिला हाताशी असलेल्या साधनांनी. मग खटका लावणं हीसुद्धा त्यातलीच एक गोष्ट म्हणून का शिरली नाही? मला वाटतं, दही प्रेमाने दिलं जातं आणि बेल्ट दटावणीने. आपण तो कायम पोलिसांच्या तोंडून ऐकला.

*

ज्याने हा तीन टोकांचा बेल्ट काढला तो निल्स बोलिन नावाचा स्वीडिश इंजिनिअर आधी लढाऊ विमानांत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवायचा. व्होल्वोने १९५९ मध्ये त्याचा बेल्ट गाड्यांत बसवला आणि पेटंट इतर कंपन्यांना मोकळं ठेवलं. माणसाला बाहेर फेकण्याचा अभ्यास करणाऱ्याने माणसाला आत धरून ठेवायची गोष्ट शोधली, याची मला गंमत वाटते. बेल्ट एका हाताने, न बघता लावता आला पाहिजे, यावर त्याचा भर होता. सोपा नसेल तर लोक लावणार नाहीत हे त्याला माहीत होतं. नाना पेठेतला तो पोरगा आणि मी, आम्ही दोघांनी मिळून तो पुन्हा अवघड केला.

आणि सीटचं माप? आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय आहे, १९६६ पासून. देशातल्या गाड्यांची तपासणी करणारी संस्था. टेकडीवर फिरायला जाणारे आम्ही सगळे 'एआरएआयचा रस्ता' म्हणतो, पण आत काय चालतं याचा कधी विचार केला नव्हता. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून त्यांना तारे देणारी योजना, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात मोठ्यांच्या डमीबरोबर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे डमीही बसवतात. मोठ्यांचा डमी जगभर बहुतेक एकाच मापाचा आहे: पावणेसहा फूट, ७८ किलो, पुरुष. म्हणजे जवळजवळ बाबा.

बायकांच्या मापाचा एक डमी अमेरिकेत वापरतात. तो तिकडच्या सर्वांत लहानखुऱ्या बायकांसाठी, सुमारे पाच फूट उंचीचा. भारतीय बाईची सरासरी उंची तेवढीच आहे. तिकडची सगळ्यात छोटी बाई म्हणजे इकडची मी, माझी आई, माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मुली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला. बेल्ट लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळली. हे वाचल्यावर सीटखालच्या दांड्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. घरात सीट बाबांच्या मापाची, प्रयोगशाळेतही.

तरी दांडा आहे, हेही खरं. आता मी काय करते ते सांगते, कारण मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, ड्रायव्हिंग स्कूलमध्येही नाही. आधी कंबर सीटच्या मागच्या टोकाला भिडवायची. मग क्लच पूर्ण दाबून गुडघा थोडासा वाकलेला राहील इतकी सीट पुढे. पाठ सरळ, आणि पाठ टेकलेली असतानाच मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचायला हवं. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान एक वीत आणि वर चार बोटं, म्हणजे २५ सेंटीमीटर, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. सीट वर उचलता येते हे मला चौथ्या वर्षी कळलं. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाएवढा. मानेशी राहिला तर मागून धडक बसल्यावर मान त्याच्यावरूनच मागे मोडते. दाराजवळच्या खांबावर बेल्टची वरची कडी खाली-वर होते. ती खाली केली आणि बेल्ट माझ्या मानेवरून खांद्याच्या मधोमध आला. चार वर्षं तो काखेखालून घेत होते, म्हणजे सगळा जोर बरगड्यांवर घ्यायची तयारी करून रोज ऑफिसला जात होते. खालचा पट्टा पोटावर ठेवायचा नाही, कमरेच्या हाडावर. गरोदर बाईने तर पोटाच्या खालून. आणि उशी काढून टाकायची. शेजारच्या सीटवर पाय डॅशबोर्डवर टाकून, पाठ पार मागे झोपवून गाणी ऐकत जाणाऱ्यांना मी आता बघवून घेऊ शकत नाही. तसं झोपलेलं शरीर धक्क्यात बेल्टच्या खालून निसटतं.

*

या सगळ्यात मी एका प्रश्नापाशी अडकते. ड्रायव्हर म्हणून मला 'बेल्ट लावल्याशिवाय गाडी निघणार नाही' असं म्हणायचा हक्क आहे का? माझं आताचं उत्तर: आहे, आणि तो हक्क कमी, जबाबदारी जास्त आहे. कारण चावी माझ्याकडे आहे. मिलच्या पुलावर वाटसरू आपल्या पायांनी जातो, इथे मागचे सगळे माझ्या पायाच्या जोरावर ५०, ८०, १०० च्या वेगाला पोचतात. ज्या वेगात मी त्यांना नेते, त्या वेगाने ते एकमेकांवर आदळू नयेत हे बघणंही माझ्याच वाट्याला येतं. मला हे पटलंय. तरी गेल्या महिन्यात ऐंशी वर्षांच्या आत्याला मी बेल्टसाठी पाच मिनिटं गेटात थांबवलं, ती रागावून लग्नघरापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मला दिवसभर अपराधी वाटलं. बरोबर असूनही अपराधी वाटतं, यावर उपाय सापडलेला नाही.

आणि दुसरं. हा सगळा तात्त्विक ऊहापोह गाडीत बसणाऱ्यांचा आहे. २०२५ च्या श्रावणात एका सोमवारी खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांचा पिकअप घाटात मागे घसरून दरीत गेला. पिकअपच्या हौद्यात बेल्ट नसतो, सीटही नसते. रोज सकाळी हायवेवर अशाच हौद्यांत उभ्याने कामाला जाणाऱ्या बाया आपण पाहतो. त्यांना 'बेल्ट लावायचा की नाही' हा निर्णय घेण्याची वेळच येत नाही. 'माझा जीव, माझी मर्जी' म्हणायलाही आधी एक सीट लागते.

मी स्वतः अजून कॅबमध्ये मागे बसते तेव्हा खटका कव्हरखाली असतो. दादांना गाडी बाजूला घ्या, कव्हर उचकटते म्हणायला जीभ रेटत नाही. कधी म्हणते. पाचातल्या दोन वेळा असेल.

*

आईचा पट्टा निघून आता बरेच दिवस झाले. थंडीत खांदा दुखतो.

गेल्या रविवारी आम्ही भोरला निघालो. मी मागच्या कव्हरला कात्रीने भोकं पाडून खटके वर काढलेत, फिटिंग अजिबात साफ दिसत नाही. बाबा मागे बसले आणि बराच वेळ काही तरी चाचपडत राहिले. आई मान वळवू शकत नाही, म्हणून तिने आरशातून बघितलं.

"काय शोधताय?"

"अगं हिचं दुसरं टोक."

"उजवीकडे."

"उजवीकडचं मधल्याचं आहे. लागत नाहीये यात."

मी इंजिन बंद केलं. तीन मिनिटं लागली. मग खट्ट झालं. बाबा म्हणाले, चला. मी सीट एक घर पुढे घेतली.

"आणि परत आल्यावर माझ्या जागेवर आण ती," ते मागून म्हणाले.